राहेलवहिनीला न सांगितलेली तारीख

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. देवाला ठाऊकच आहे, मग त्याला वेगळं काय सांगायचं — अशी मी स्वतःची समजूत घालत आले. तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

तिसगावजवळच्या वस्तीवर आमची मंडळी आहे. चर्च लहान, माणसं कष्टाची. मी शाळेत शिकवते, इंग्रजी बऱ्यापैकी बोलते, म्हणून परदेशातल्या एका मंडळीनं आमच्याशी भागीदारी करायचं मनावर घेतलं तेव्हा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. त्यांचं म्हणणं मला फार आवडलं होतं. एकानं द्यायचं आणि दुसऱ्यानं हात पसरायचे, असं नको. जे आहे ते देवाचं, आपण दोघंही नुसते कारभारी. तर कुणापाशी काय आहे आणि कुणाला काय हवंय, हे समोरासमोर बसून ठरवू. त्यासाठी त्यांचे चौघं येणार होते. त्यांनी एवढंच विचारलं — तुमची सगळी माणसं घरी कधी असतात?

सगळी माणसं. इथंच मी अडते.

आमची निम्मी मंडळी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते, तिकडं कोल्हारच्या बाजूला. परतते ती ईस्टरच्या सुमाराला. माझा सख्खा भाऊ याकोब आणि राहेलवहिनीही त्यांच्यातच. मग मी काय कळवायला हवं होतं? मी कळवलं, जानेवारीत या. त्यांना लिहिलं, इकडचा उन्हाळा तुम्हाला सोसणार नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांना जानेवारीच जमतंय. दोन्हीकडचं बोलणं माझ्याच तोंडून व्हायचं — पडताळणार कोण?

का केलं मी असं?

वहिनी मिश्री लावते. मोठ्यानं बोलते, आणि एकदा बोलायला लागली की समोर पाळक आहे की पाटील हे बघत नाही. ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी सभा झाली, पाहुण्यांपुढं काय मांडायचं ते ठरवायला. नवा हॉल बांधावा, ही कल्पना माझी होती. सगळे माना डोलवत होते. वहिनी मधेच उठली.

"हॉल बांधा की. पन आमी निम्मं वरीस फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हातो. मागल्या साली शांताबाईचा मालक फडातच गेला, त्याला माती द्यायला पाळक मिळाला न्हाई. त्या लोकान्ला इचारा, तुमच्यात अशी फिरती मानसं हायेत का? त्यांचं तुमी काय करता?"

मला राग आला. प्रश्न चुकीचा होता म्हणून? नाही — बरोबर होता म्हणून. आणि हाच प्रश्न ती पाहुण्यांपुढं विचारणार, काळ्या पडलेल्या दातांनी, ओरडून, आणि तो इंग्रजीत मला सांगावा लागणार. ही तुमची कोण, असं त्यांनी विचारलं तर? भावजय, म्हणावं लागणार. मला लाज वाटत होती. माझ्या माणसांची.

पण तारीख बदलली, एवढंच असतं तर कदाचित मी आज हे सांगत बसले नसते. खरं पुढंच आहे.

पाहुणे आता लवकरच येणार हे कुठून तरी फडावर वहिनीच्या कानावर गेलं. तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, त्यामुळं नेहमीपेक्षाही मोठ्यानं बोलत होती. "करुने, तारीख सांग. मुकादमाला सांगून ठिवलंय. खाडा पडला तरी पडू दे, आमी दोघं येतो."

पाहुणे परवा यायचे होते. त्यांच्यासाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके माझ्या पायाशी रचलेले होते. मी म्हणाले, "अजून काही ठरलं नाही, वहिनी. ठरलं की कळवते."

"बरं," ती म्हणाली. "कळव मातर."

कळवलं नाही. हा माझा गुन्हा.

बाकं रिकामी दिसू नयेत म्हणून शेजारच्या गावची मंडळी बोलावून बसवली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यांशी हात मिळवले आणि मला विचारलं, तुमची मंडळी हीच ना, सगळी? मी हो म्हणाले. हॉल मंजूर झाला, बांधूनही झाला. ईस्टरला वहिनी परतली तेव्हा सांगितलं, अचानक आले गं ते. तिनं मान हलवली. त्यानंतरही ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली. ते जास्त जड गेलं — पण जड गेलं म्हणून मी तोंड उघडलं का?

यंदा भागीदारीचा पुढचा टप्पा ठरवायचा आहे. पाळकसाहेब सहज म्हणाले, "बाई, जानेवारीच ठेवू. त्यांना तेच जमतं ना?"

"त्यांना नाही. मला जमत होतं," मी म्हणाले, आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, आता हे उकरून काय साधणार? मंडळीत फूट मात्र पडेल. मी म्हणाले, पडली तर ती मी पाडलेली असेल, पण झाकायची नाही. शनिवारी कोल्हारची एसटी धरली.

वहिनी कोपीपुढं उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. मी बसले नाही. सगळं क्रमानं सांगितलं. भाऊ मधेच उठून बैलांकडं गेला, तो परत आला नाही. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मुकादमाकडं रोज मोबाईल चार्जिंगला लावायचे मी," ती म्हणाली. "तुझा फोन यायचा म्हनून." मग हात झटकून उठली. "लाव त्यांना फोन. हितनं. माझ्यासमोर."

तिकडं सकाळ होती. त्या म्हाताऱ्या बाईच फोनवर आल्या. आजूबाजूच्या कोप्यांतली माणसं गोळा झाली होती. त्यांच्यादेखत मी इंग्रजीत सांगितलं — माझी भावजय तुमच्यापुढं बोलू नये म्हणून तारीख मी खोटं सांगून ठरवली, माणसं उसनी आणली, निम्मी मंडळी तुम्ही अजून पाहिलेलीच नाही. बाई म्हणाल्या, आम्ही ईस्टरनंतर येऊ, आणि आधी तुमच्या भावजयीशी बोलायचंय. वहिनीनं फोन हातात घेऊन तिचा तोच प्रश्न विचारला. मी शब्द न् शब्द पोचवला. उत्तर आलं, आमच्याकडंही शेतात राबणारी फिरती माणसं आहेत, आम्हीही त्यांना विसरतो. तेही मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

फोन ठेवल्यावर वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "समदं सांगितलंस?"

"सगळं."

"मंग तू खरं तेच बोललीस, हे आमी कशावरनं धरायचं?"

कोपीपुढची सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. त्यांच्यातल्या एकालाही इंग्रजी येत नव्हतं.

"धरू नका," मी म्हणाले. "पुढच्या वेळी दुभाषी दुसरं कुणीतरी असेल."