दहा दिवसांच्या गोळ्या

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी जयपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मोफत औषधांच्या खिडकीवर असते. फिट्सच्या गोळ्या हल्ली निम्म्याहूनही कमी येतात. म्हणून मी महिन्याऐवजी प्रत्येकाला दहा दिवसांच्या देत होते. चौथीपर्यंत आईनेच मला घरी शिकवलं. जे काही वाटायचं, ते सगळ्यांना सारखं, हा तिचा पहिला धडा.

आज शहराबाहेरच्या बस्सी गावची एक बाई तिच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या कपाळाला टाके होते. गोळ्या शुक्रवारी संपल्या आणि रविवारी ती चुलीपाशी फिट येऊन पडली.

"संपायच्या आधी का नाही आलात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मॅडमजी, आप दस दिन की गोली देते हो. सीतापुरा की फॅक्टरी हर दस दिन में छुट्टी थोडे ही देती है."

मी तिला पूर्ण महिन्याच्या गोळ्या दिल्या.

रांगेत शेवटी एक तरुण होता, त्यालाही फिट्स येतात. तो इमारतींना बाहेरून रंग देतो, दिवसभर शिडीवर असतो. त्याच्यासाठी एकही गोळी उरली नव्हती.

"कब आऊँ, दीदी?"

"सोमवारी," मी म्हणाले. साठा कधी येणार, हे मला कुणीच सांगितलेलं नाही.

खरं सांगा, खिडकीच्या आत तुम्ही असतात, तर त्या बाईला किती दिवसांच्या दिल्या असत्या?