पंचफुलाच्या हातावरचे दोन लेप

मूर्तिजापूरहून जांभुळखेडीला येणारा रस्ता जिथे संपतो तिथे अंगणवाडी आहे, आणि लसीचा बुधवार असेल तर तिच्या दारात पंचफुला उभी असते. चौदा वर्षे ती गावची आशा सेविका आहे. माहेर बाळापूरकडचे, शिक्षण दहावी, नवरा योगेश नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत. तो रविवारी घरी येतो आणि निम्मा रविवार झोपतो. घरात ती आणि सासरे पुंजाजी.

गाव तिला घरांच्या क्रमाने नाही, लेकरांच्या क्रमाने पाठ आहे. कुणाचे दीड महिन्याचे झाले, कुणाला नववा लागला, कोण बाळंतपणाला कुठे गेली. पहिल्या वर्षी तिने एका आईला सांगितले होते, “कायीच होत नाई, सुई त सुई.” दुपारी ती बाई तापलेले लेकरू घेऊन दारात येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून पंचफुला सुईआधीच सगळे सांगून मोकळी होते. ताप येईल, मांडी दुखेल, गाठही येईल, दोन दिवसांत जाईल. काही शहाण्या तिला म्हणाल्या, असे सांगितले तर कोण येणार? पण बाया येत राहिल्या.

तर यंदाच्या भादव्यातली गोष्ट. बुधवारी सहा तान्ह्या बाळांना वर्षाली सिस्टरने सुया दिल्या, सहाही एकाच कुपीतून. शुक्रवारी शेजारची पिंकी धावत आली. तिच्या दीड महिन्याच्या मुलीच्या मांडीवर रुपयाएवढा फोड होता, भोवती लाल. मुलीचे बारसे अजून व्हायचे होते, सगळे तिला छकुलीच म्हणत. पंचफुलाने गाठी पाहिल्या होत्या, पुरळ पाहिले होते. असला फोड पाहिला नव्हता.

बातमी विहाराच्या ओट्यापर्यंत पोहोचली तेव्हा फोड तळहाताएवढा झालेला होता. तिथून बसस्टँडवर गेली तेव्हा पाय काळा पडला होता, आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीत तो अकोल्याला नेऊन कापायचे ठरलेही होते. छकुली तेव्हा आईच्या मांडीवर दूध पीत होती.

पण हसण्यावारी नेण्याजोगे ते नव्हते. गोवराची मोहीम होती, पुढच्या बुधवारी पुन्हा सत्र होते आणि यादीत दहा लेकरे होती. शनिवारी पंचफुला घरोघर निरोप द्यायला गेली, तर आठ आयांना एकाच बुधवारी माहेर आठवले. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात गोवर आला होता. तिथली तापाने फणफणलेली, डोळे चिकटलेली लेकरे तिने पाहिली होती.

वर्षालीने फोडाला मलम दिले. शेखर साहेब तिचे पर्यवेक्षक. ते फोनवर म्हणाले, एवढ्याशा फोडासाठी नोंदवही कशाला काढता, वर विचारणा होते, गाव आणखी घाबरते. वर्षालीने पेन खाली ठेवले. पंचफुला लस देत नाही, नोंदही करत नाही. ती फक्त बोलावून आणते. तरी ती तिथून हलली नाही.

“सिस्टर, नाई लिवलं तं गाव म्हनीन लपवून राहिले. लिवलं तं म्हनीन पाहून राहिले. मले उद्या याच दारांवर जाचं हाय.”

वर्षालीने नोंद केली. कारणाच्या रकान्यात ‘अद्याप माहीत नाही’ असे लिहिले, आणि पंचफुलाने गावात तसेच सांगितले. दुपारी अनुपमा मॅडम, आरोग्य केंद्राच्या डॉक्टर, स्वतः आल्या. त्यांनी सुईचा ठिपका शोधला, फोड त्याच्यापासून दोन बोटे खाली होता. हे मला भाजल्यासारखे वाटते, म्हणाल्या. काही लावले होते का? पिंकीने मान खाली घातली आणि हळद म्हणाली. हळदीने असे होत नाही, एवढेच बोलून मॅडमनी पट्टी बांधली.

मग पंचफुला उरलेल्या पाच घरी गेली. त्याच कुपीतली पाच लेकरे, पाच मांड्या. एकीने तिच्या पदरावर धार सोडली, एक झोपेतून उठवल्याबद्दल गाव गोळा करून रडला. पाचही मांड्या स्वच्छ. तिने हे पिंकीला येऊन सांगितले तेव्हा पिंकीचे डोळे भरले.

“मंग माह्याच लेकराले काहून, काकू?”

प्रश्न रास्त होता. माहीत नाही, एवढेच पंचफुलाने सांगितले.

उत्तर तिच्याच घरात जेवायला बसले होते.

पुंजाजी तरुणपणी कुस्त्या मारत. आता पंचाहत्तरी गाठली तरी मुरगळलेला पाय, लचकलेली मान घेऊन लोक त्यांच्याकडे येतात, आणि बहुतेक बरे होऊन जातात. त्या संध्याकाळी वांग्याच्या भाजीवर खूश होऊन ते म्हणाले की लोक काही म्हणोत, पोरीचा पाय त्यांच्या हाताने वाचला. गुरुवारी पिंकी गाठ दाखवायला आली होती. त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना गुळात कालवला, गाठीपासून खालपर्यंत लेप दिला, वरून फडके आवळले. कोणाला सांगू नको, म्हणाले, कारण दवा सांगितली की गुण जातो. आता गुण आला होता, म्हणून सांगायला हरकत नव्हती.

“सुईचं इख वर चढू देल्लं नाई म्या,” पुंजाजी म्हणाले आणि आणखी भाजी मागितली.

पंचफुलाचा भाकरीचा हात तिथेच राहिला. गप्प बसावे तर बुधवारी अंगणवाडी रिकामी. बोलावे तर ज्या ओट्यावर हा माणूस पन्नास वर्षे ताठ बसला, तिथे त्याला उद्या पोरेसोरे हसतील. तिने भाजी वाढली आणि हळूच विचारले, “मामाजी, चुना भाजत नसीन का तान्ह्या कातडीले?”

पुंजाजींनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर जुन्या देवीच्या लसीचा व्रण होता, दबलेला, चकचकीत. लहानपणी सुईवाला आला की ते तुरीत लपत, एकदा सापडले. “ही सुई का फोड देल्ल्याबिगर गेली? तईची सुई फोड देते, तं आताची काहून नाई?”

म्हाताऱ्याचे चुकत नव्हते. त्या लसीला फोड येत असेच, तशीच ती होती. पंचफुलाने ते कबूल केले, आणि ही लस वेगळी, हेही सांगितले. पुंजाजींना कबुली ऐकू आली, पुढचे नाही. वाद मिटवायला त्यांनी स्वतःच्याच मनगटावर लेप थापला. सकाळी फडके सोडले तर कातडी जशीच्या तशी. नऊ वाजेपर्यंत ओट्यावर सगळ्यांना मनगट दाखवून झाले होते.

पंचफुलाचा प्रश्न तिच्यावरच उलटला. रविवारी उठलेला योगेश हसला आणि म्हणाला, बाबाची कातडी बैलाची, तिथे तेजाब टाकलं तरी काय होणार? पंचफुला मात्र हसली नाही. ती त्या कातडीचाच विचार करीत बसली.

दुपारी ती सासऱ्यांपुढे डावा हात पसरून बसली. कोपराच्या आतली बाजू, जिथे ऊन कधी लागत नाही.

“येथी दोन लेप द्या, मामाजी. एक तुमचा, चुना-गुळाचा. एक नुसत्या गुळाचा. दोनीले सारखं फडकं, सारखा वेळ. जे निघीन ते दोघांनीई मानाचं.”

“आन् तुले फोड आला तं?”

“म्हनून तं माह्या हातावर करून राहिली. दुसऱ्याच्या लेकरावर नाई.”

पुंजाजींनी लेप दिले. चुन्याचा देताना त्यांचे बोट जरा थबकले. तासाभरात एका फडक्याखाली चुणचुणू लागले. पंचफुलाने भांडी घासली, यादी लिहिली, फडके सोडले नाही. सोमवारी सकाळी तिने दोन्ही फडकी सासऱ्यांनाच सोडायला लावली. गुळाखालची कातडी नुसती चिकट होती. चुन्याखाली लाल चट्टा आणि मधोमध पाण्याने भरलेला फोड.

पुंजाजींनी तो हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मग पाण्याने धुतला, तिच्या पिशवीतले मलम शोधून लावले, आणि चहा न घेता बाहेर पडले. ओट्यावर ते बसले नाहीत. पंचफुलाने खिडकीतून पाहिले, ते पिंकीच्या दारात उभे होते, टोपी हातात घेऊन.

तिथे काय बोलणे झाले ते तिने विचारले नाही. पिंकीनेच दुपारी सांगितले. आधी ती रडली, मग चिडली, मग म्हाताऱ्याला पाणी दिले. तिला एकच हवे होते, “ताप तं सुईचाच होता ना, काकू? का तोबी आजोबाचा?”

“ताप सुईचा, गाठ सुईची. मी अगुदर सांगतलं होतं. फोड तेवढा सुईचा नाई.”

पिंकीने मान हलवली. अर्धी जबाबदारी लसीने घेतली म्हणूनच की काय, उरलेले तिला पटले.

बुधवारी पंचफुला अंगणवाडीत पोहोचली तेव्हा दारात खुर्ची टाकून पुंजाजी बसलेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते थांबवत होते. फोड माझ्या चुन्याचा, सुईचा नव्हता. सुनेच्या हातावर पाहून घे. पंचफुलाला दर वेळी हात पुढे करावा लागत होता. एक म्हातारी म्हणाली, “पुंजाजी, आता तुमाकडे मुरगयल्यावर यावं का नाई?” ते म्हणाले, “तू ये. तुह्या नातवाले आनू नोको.” रांगेत हसू पसरले.

दहापैकी सात लेकरांच्या सुया दुपारपर्यंत झाल्या, आठवे गोळाबेरीज करताना आले. दोन राहिली. त्यांच्या घरी पंचफुला संध्याकाळी जाणार होती.

वर्षालीने नोंदवही काढली. ‘अद्याप माहीत नाही’ खोडून आता तिथे काय लिहायचे, तिने विचारले. पंचफुला पटकन म्हणाली, घरगुती लेप, एवढेच लिहा.

“लेप का आपल्या पायानं चालत गेला?” दारातून पुंजाजी म्हणाले. “नाव लिवा.”

वर्षालीने सांगितले की नावाचा रकाना नाही.

“मंग जागा करा. तुमी फोड लपवला नाई, मी काहून लपू?”

वर्षालीने पंचफुलाकडे पाहिले. तिने मान डोलावली. वर्षालीने समासात बारीक अक्षरात नाव लिहिले, आणि चष्मा घरी राहिल्याने पुंजाजींनी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतले.