उजव्या खांद्यावरचा पदर

आईच्या तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा होता आणि घरात आईचा फोटो नव्हता. म्हणजे एक होता, आधार कार्डावरचा. त्यात ती एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यायला आणल्यासारखी दिसते. त्या यंत्रासमोर बसलेला प्रत्येक माणूस तसाच दिसतो, पण आम्ही तो मोठा करून चौकटीत लावला, आणि आलेली माणसं हात जोडून म्हणाली, "लय सोसलं बिचारीनं." आईनं सोसलं होतं, पण इतकंही नाही. ती हसणारी बाई होती. केनवडला आमची पिठाची गिरणी आहे. बाबा गिरणी चालवत आणि आई दळणाच्या डब्यांशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हसवत असे. गिरणीच्या आवाजात बाबांना तिचा एकही विनोद कधी ऐकू आला नाही. लोक हसले, की ते मागाहून मान हलवत.

शोधल्यावर आणखी एक फोटो सापडला. मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढताना कुणीतरी मोबाईलवर काढलेला. डोक्यावर पदर, एका हातात बुंदीची बादली, आणि पंगतीतल्या कुणाकडे तरी पाहून आई हसते आहे. फोटो लहान, जरा हललेला. पण ती तीच होती. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हसून राह्यली ते तसंच ठेवजो."

मी वाशीमला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. फोटो घेऊन तिथल्या एका स्टुडिओत गेलो. दोन दिवसांनी त्यांनी आईचा चेहरा जांभळा शालू नेसलेल्या एका भरदार बाईच्या धडावर बसवून दिला. ते धड माझ्या ओळखीचं होतं. महिन्याभरापूर्वी एका सरपंचाच्या आईला मी त्याच शालूत, त्याच दोन पाटल्यांसह चौकात पाहिलं होतं. आमच्या जिल्ह्यात माणूस फ्लेक्सवर दोनदा येतो, वाढदिवसाला आणि मेल्यावर. वाढदिवसाला कानाला मोबाईल असतो, मेल्यावर मागे ढग असतात. धड मात्र दोन्ही वेळा दुसऱ्याचंच.

तेव्हा ठरवलं, की वर्षश्राद्धाच्या आत आईचा फोटो आपणच करायचा. पुस्तकं वाचून जगलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट शिकून घेता येते असं वाटतं. हा आमचा जुना आजार आहे.

बसस्थानकाजवळ मोबाईलच्या दुकानावर एक संस्था होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘चित्रपट, गेम आणि चित्रकला यांत जागतिक करिअर’. जिना एवढा अरुंद होता, की जगाकडे एका वेळी एकालाच जाता येई. वर सात संगणक होते. चार चालत. उरलेल्या तिनांबद्दल विचारलं, की शिकवणारे सर सांगत, "त्यांचं रेंडरिंग चालू आहे, आतमधी चित्र तयार होऊन राह्यलं." ते माझा अभ्यासक्रम संपेपर्यंत चालूच होतं.

सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पुण्यात ते एका मोठ्या चित्रपटावर आठ महिने कामाला होते. नायक उडी मारतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. तो दोर एकेका चित्रातून पुसायचं काम सरांकडे होतं. आठ महिन्यांत त्यांनी एका उडीचा दोर पुसला. चित्रपट आला तेव्हा ते सगळ्या मित्रांना घेऊन गेले आणि अंधारात म्हणाले, "पाहा, दोर दिसते का?" मित्र म्हणाले, नाही दिसत. सर म्हणाले, "ते माहं काम आहे." हा प्रसंग ते आम्हांला दर पंधरा दिवसांनी सांगत, आणि दर वेळी मला तो थोडा अधिक खरा वाटे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमाले काय व्हायचं आहे? फिल्म, गेम का इलस्ट्रेशन?"

"मला एक फोटो नीट करायचा आहे," मी म्हणालो.

"म्हंजे कंपोझिटिंग, एक चित्र दुसऱ्यावर बसवणं. लिहा, फिल्म," सर म्हणाले. अशा रीतीनं मी चित्रपटसृष्टीत आलो.

माझ्या शेजारच्या संगणकावर एक मुलगी बसे. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. वर्गात चित्र काढता येणारी ती एकटीच. तिनं एक गेम रचला होता. नवरीचा हात समोर येतो आणि खेळणाऱ्यानं, हात न दुखवता, काच न फोडता, मापाहून लहान बांगडी चढवायची. मी तो खेळलो आणि तीन नवऱ्या रडवल्या. सरांनी पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "सगळं ठीक आहे. पण याच्यात बंदूक कुठं आहे?"

"सर, बांगडी भरतानी बंदूक कायले लागते?"

"मार्केट आहे ना बाप्पा! बांगडी फुटली की स्फोट तरी दाखव."

दुसऱ्या दिवशी तिनं स्फोट घातला. नवरीचा बाप फुटत होता. सरांनी तिला पूर्ण गुण दिले.

मी मात्र आईच्या पदराची कड कापत बसलो होतो. पेन टूल नावाचं एक हत्यार असतं. त्यानं कडेकडेनं ठिपके देत गेलं, की माणूस पंगतीतून सुटा होतो. पहिल्या महिन्यात मी बादली पुसली. दुसऱ्या महिन्यात बादली धरलेला हात पुसला, कारण बादलीवाचून तो हात काहीतरी मागतो आहे असा दिसू लागला. मग पंगतीतली माणसं पुसली. एका म्हाताऱ्याचं धोतर अर्ध्यात राहिलं ते आईच्या कोपरामागे अजून आहे. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. संध्याकाळी ग्रंथालय बंद करून मी तिथे जाई आणि दोन तास आईच्या कपाळावर, कानाजवळच्या केसांवर काम करी. ती असताना इतक्या जवळून, इतका वेळ मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. दर रविवारी गावी गेलो, की बाबा गिरणीच्या पट्ट्यावरून डोळे न काढता विचारत, "झालं काय?" मी म्हणे, "होऊन राह्यलं."

कापणं झाल्यावर सरांनी स्वतः माउस हातात घेतला आणि आईला उजळ केलं. "याले ग्लो म्हणतात," ते म्हणाले. आई गव्हाच्या रंगाची, त्यातही गिरणीतल्या जुन्या गव्हाच्या. एका क्षणात ती मैद्याची झाली.

शेजारची मुलगी वाकून पाहत होती. "भैया, अम्मी अशा होत्या?"

"थोड्या सावळ्या होत्या."

"मग रंग काहून बदलून राह्यले?"

"स्वर्गात उजेड जास्त असते," सरांनीच उत्तर दिलं. मी गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा दुसरा आजार.

शेवटी प्रोजेक्ट द्यायची वेळ आली. वर्षश्राद्धाचा फ्लेक्स हाच माझा प्रोजेक्ट. छापणाऱ्याकडचा साचा ठरलेला असतो, फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे. आणि सरांनी आम्हांला चित्रपटाचा एक मोठा नियम शिकवला होता, की माणूस ज्या दिशेला पाहतो, त्या दिशेला त्याच्या नजरेसमोर जागा मोकळी हवी. नाहीतर तो भिंतीला धडकल्यासारखा वाटतो. माझ्या फोटोत आई डावीकडे पाहत होती. म्हणजे फ्लेक्सच्या काठाबाहेर, विजेच्या खांबाकडे. स्वतःच्या श्रद्धांजलीकडे पाठ. मी विचार केला, एक आज्ञा दिली आणि चित्र आडवं उलटवलं. आई वळली. आता ती ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या अक्षरांकडे पाहून हसत होती. मला स्वतःचा अभिमान वाटला. सरांनी शेरा लिहिला, ‘नजरेची जागा उत्तम.’ बांगडीवाल्याची मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "काहीतरी येगळं वाटून राह्यलं, पण समजत नाही." मी म्हणालो, ढगांमुळे असेल.

वर्षश्राद्धाच्या सकाळी अंगणात दोन बांबूंना फ्लेक्स बांधला, दाराकडे तोंड करून, म्हणजे पूर्वेकडे. ऊन थेट आईच्या चेहऱ्यावर आलं. मागच्या बाजूला मांडवाची सावली, चुली आणि आचारी. रिठदहून मावशी आली. आईची धाकटी बहीण. ती दारातच थांबली. मी वाट पाहत होतो की ती रडेल.

"माय वं!" ती म्हणाली. "हे कोन व्हय?"

"मावशी, आई आहे."

"तुह्या मायचा पदर उजव्या खांद्यावर कवापासून आला रे?"

मी पाहिलं. बाकीच्या बायाही उठून आल्या. पदर उजव्या खांद्यावर होता. नाकातला खडा उजव्या नाकपुडीत होता. एका वर्षात मी त्या पदराचा धागा न् धागा कापला होता, त्या खड्यावरची चमक दोनदा वाढवली होती, आणि जे कोणत्याही बाईला दारातून दिसतं, ते मला दिसलं नव्हतं.

"गुजराती करून टाकली का रे बापा!" एक शेजारीण म्हणाली.

"गोरीही केली," दुसरी म्हणाली. "गोरी बरी दिसते, पण ओळख पटत नाही."

"तो फिल्मचा नियम आहे," मी म्हणालो. "नजरेसमोर जागा लागते."

"जागा!" मावशी म्हणाली. "चार खोल्यांत जन्म काढला तिनं, तवा कोनी जागेचं इचारलं नाही." मग तिनं डोळे पुसले आणि व्यवहाराचं बोलली. "दुसरं छापून येते का?"

छापणाऱ्याला फोन केला. त्यानं सांगितलं, मशीन एका वाढदिवसाला दिली आहे, संध्याकाळपर्यंत मोकळी नाही.

"मग उलटं बांधा," मावशी म्हणाली. "पाठीकडून सुलटी दिसन."

"मावशी, अक्षरं उलटी होतील."

"होऊ दे ना. नाव उलटं वाचलं तरी चालते, बाई सुलटी दिसली पाह्यजे."

यावर मंडळींमध्ये दोन तट पडले. पुरुषांचं म्हणणं, नाव, गाव, शोकाकुल परिवार हे सुलटं हवं, कारण त्यात त्यांची नावं होती. बायांचं म्हणणं, पदर सुलटा हवा. अर्धा तास कुणी आईविषयी बोललं नाही. शेवटी फ्लेक्स होता तसाच राहिला. येणारे फुलं वाहू लागले आणि मला सांगू लागले, लय छान फोटो, कुठून केला? एकानं आपल्या वडिलांसाठी असाच हवा म्हणून सांगून ठेवलं. वडील अजून होते.

मी मान खाली घालून हो हो म्हणत राहिलो. बाबांनी वर्षभर एकच गोष्ट मागितली होती, आणि मी त्यांना एक अनोळखी, गोरी, उलट्या पदराची बाई आणून दिली होती. ते फ्लेक्ससमोर आलेच नव्हते. पूजेची वेळ झाली तेव्हा गुरुजींनी विचारलं, यजमान कुठे?

शोधत मागे गेलो. चुलींच्या बाजूला, सावलीत, बाबा पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते आणि फ्लेक्सच्या पाठीकडे पाहत होते. स्वस्तातलं कापड, पुढचं ऊन त्यातून आरपार आलं होतं. ढग या बाजूला पोचलेच नव्हते. अक्षरं उलटी, फिकट, वाचता न येणारी. सरांचा ग्लो कापडानं गाळून ठेवला होता. उरला होता फक्त चेहरा, सावळा, जुन्या गव्हाचा, डोक्यावरचा पदर डाव्या खांद्यावरून आलेला, खडा डाव्या नाकपुडीत, आणि पंगतीतल्या कुणाकडे तरी पाहून आलेलं ते हसू.

मी पुढे होऊन म्हणालो, "बाबा, चाला. गुरुजी वाट पाहून राह्यले."

बाबांनी हातानं खूण केली. "बाजूले हो," ते म्हणाले. "माह्या आन् तिच्या मंधात उभा राह्यला तू."

मी बाजूला झालो. पूजा उशिरा सुरू झाली.