खोकला तेवढा ठेवा

माझे भावजी कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि हे लॅबमध्ये बसून त्या मापात प्लास्टर ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. हात फार सुरेख, त्यात वाद नाही. अर्ध्या शहरातली म्हातारी माणसं त्यांच्या दातांनी हसायची. ते स्वतः मात्र घरात कधी हसल्याचं मला आठवत नाही.

जॅझचं खूळ त्यांना एका दातांच्या डॉक्टरनं लावलं. तो कायमचा परदेशी निघाला आणि जाताना खोकंभर रेकॉर्डी आणि प्लेअर यांच्या गळ्यात मारून गेला. गळ्यात मारून गेला असं माझी ताई म्हणायची. भावजींच्या मते त्या दिवशी त्यांचा खरा जन्म झाला. ताईशी लग्न त्यानंतरचं, त्यामुळे त्या घरात मान कुणाचा पहिला, हा प्रश्नच नव्हता.

ऐकायची रीत ठरलेली. कवळीला चकाकी आणायचा मऊ ब्रश असतो, तसलाच एक रेकॉर्डींसाठी वेगळा ठेवलेला. आधी तबकडी पुसायची, उजेडात तिरकी धरून बघायची, मग खुर्ची उचलून खोलीच्या मध्यावरच्या ठरलेल्या फरशीवर आणायची. ओढायची नाही, उचलायची. त्यानंतर कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, शिंक आली तर गॅलरीत जायचं. एक बाजू संपली की स्वारी डोळे मिटून बसणार, ऐकलेलं मुरू देणार, आणि मगच दुसरी बाजू लावणार. ताई स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची, "लोणचं मुरलं की जेवायला या."

मतंही कवळीसारखीच घट्ट बसवलेली. स्टुडिओत केलेल्या अल्बमला ते 'कवळी' म्हणायचे. "सगळे दात एकसारखे. खरं तोंड असं असतं का कधी?" गाणाऱ्यांचे अल्बम घरात आणायचे नाहीत, कारण चार माणसं वाजवत असताना मध्ये तोंड घालणं हा शुद्ध अडाणीपणा. निवडक तुकड्यांचे अल्बम म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं. विजेवरची वाद्यं आली तेव्हा तर त्यांनी सगळं वर्ष तोंड पाडून काढलं. त्यांना हवं असायचं ते लोकांसमोर, एखाद्या क्लबात वाजवलेलं आणि तिथेच टेप केलेलं. त्यात ग्लास किणकिणतो, कुणी बाई हसते, कुणी खोकतं. त्या खोकल्यांवर तर माणसाचा जीव होता. "हा ऐका. पुढच्याच टेबलावर बसलाय. सिगारेटी ओढणारा दिसतोय."

ताईला दमा होता. ती स्वयंपाकघराचं दार लावून, टॉवेलात तोंड खुपसून खोकायची.

आता त्या कॅसेटचं सांगते, कारण हे सगळं सांगायला बसले ते तिच्यापायी. भावजींच्या ओळखीच्या एकाकडे एक दुर्मीळ रेकॉर्ड होती. सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम, एका तळघरातल्या क्लबात वाजवलेली. फार मिनतवाऱ्या केल्यावर त्यानं ती एका दिवसापुरती दिली. प्लेअरला टेपरेकॉर्डर जोडायची वायर नेमकी तुटलेली, म्हणून भावजींनी स्पीकरसमोर माइक ठेवला. माइकला भिंतीवरची पालसुद्धा ऐकू जाते, तेव्हा आम्ही सगळ्यांनी दगड व्हायचं ठरलं. माझी भाची तेव्हा तान्ही होती, मी ताईच्या मदतीला आलेले. पोरगी किरकिर करून करून कशीबशी झोपली आणि तेवढ्यात बाहेर ड्रम कडाडले. मग ड्रम थांबले, नुसता बेस हलकेच वाजायला लागला. ताई दारात गेली आणि म्हणाली, "अहो, पिल्लू आत्ताच झोपलंय. जरा हळू करा ना."

एवढंच. रेकॉर्ड त्याच संध्याकाळी परत करायची होती, पुन्हा टेप करायला वेळ नव्हता. मालकानं ती परत कधी दिली नाही आणि बाजारात पुन्हा आली नाही. ताईचं वाक्य कॅसेटमध्ये राहिलं ते राहिलंच. पुढे घरी कुणीही आलं की भावजी ती लावायचे, आणि ती जागा जवळ आली की बोट वर करून म्हणायचे, "आता घाण येईल." लॅबमध्ये साच्याला चिकटलेला प्लास्टरचा बुडबुडा, मेणाचा कण, सगळ्याला घाणच म्हणतात. ती खरवडून काढायची असते. ताई तिथेच उभी असायची, पाहुण्यांना चहा देत. पाहुणे हसायचे. तीही हसायची. मला त्या बोटाचा जो संताप यायचा, तो अजून गेलेला नाही.

भाची दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा ताई गेली. त्याच दम्यात. पोरगी मग माझ्याकडेच वाढली, ती कॅसेट तिच्या कानावर कधी पडलीच नाही. फोटो आहेत ढीगभर. पण उठसूट आवाज साठवून ठेवायचे ते दिवस नव्हते.

भाचीला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. परवा मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, तर भाची म्हणाली, "मावशी, मी हिच्याशी बोलते ना, तो आवाज आईसारखा वाटतो का गं? मला आईचा आवाजच आठवत नाही. खूप प्रयत्न केला. नाहीच येत."

मी म्हटलं, "आठवायचा कशाला? आहे तो. तुझ्या बाबांकडे कॅसेटमध्ये आहे. आणि तुझ्याबद्दलच बोलतेय ती."

बाळाला नवऱ्याजवळ ठेवून आम्ही दोघी तडक भावजींकडे गेलो. कुठली कॅसेट मागायची ते मी वाटेत सांगितलं.

"बाबा, ती बेसवाली कॅसेट लावा ना," भाची म्हणाली. लेकीनं जन्मात कधी जॅझ मागितलं नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाही बरं वाटलं.

"कॅसेट कुठली आता? फीत पार जुनी झाली होती. एका साउंडवाल्याकडून कॉम्प्युटरवर साफ करून घेतली. सगळी घाण काढली."

"कसली घाण?"

"अगं, तुझी आई मध्येच बोलली होती ना. इतकी वर्षं दातात अडकल्यासारखं खुपायचं मला. आता ऐक, कुठे होतं तेही सापडणार नाही. तो शहाणा तर खोकलाही काढायला निघाला होता. म्हटलं, खोकला तेवढा ठेवा. तो मैफलीतला आहे."

मी विचारलं, "मूळ कॅसेट कुठंय?"

"टाकली. ठेवून काय करायचं?"

मी तिथूनच साउंडवाल्याला फोन लावला. मूळ फाइल त्यानं काम दिल्यावर पुसून टाकली होती. जागा अडते, म्हणाला.

मनात आलं, बायकोचा आवाज ऐकवत नसेल या माणसाला. दुःखापोटी केलं असेल. तशी मी कुणाला सहज माफ करणारी नव्हे, पण विचारलं. "भावजी, ताईचा आवाज ऐकून त्रास व्हायचा का?"

"त्रास म्हणजे काय, बेसचे चार सूर झाकले जायचे की."

मग त्यांनी लेकीला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत त्यांनी आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं. आणि संगीत लावलं. सॅक्सोफोन झाला, ड्रम कडाडले, थांबले. बेस सुरू झाला. काच पुसल्यासारखं लख्ख ऐकू येत होतं. कुठे खरखर नाही, कुठे डाग नाही.

"काय म्हणाली होती आई?" भाचीनं विचारलं.

भावजींनी कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवायचा प्रयत्न केला त्यांनी. "असंच काहीतरी घरातलं. ही जागा मात्र नक्की. बघ, इथेच."

तिथे काहीही नव्हतं. म्हणून मीच म्हणाले, जमेल तितकं ताईसारखं, "अहो, पिल्लू आत्ताच झोपलंय. जरा हळू करा ना."

आवाज माझाच आला. भाची माझ्याकडे बघत होती.

"श्श्," भावजी बोट वर करून म्हणाले. "आता खोकला येतोय."

कुठल्याशा तळघरात कुणी परका माणूस खोकला. भावजींनी डोळे मिटून मान डोलावली. भाची खुर्चीतून उठली आणि खुर्ची पाठीला धरून, करकर आवाज करत, फरशीवरून पार भिंतीपर्यंत ओढत घेऊन गेली.