गुरुवारची ऑडिओ टेस्ट

कुठल्याही प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये शेवटी 'इतर काही' नावाचा एक रकाना असतो. मर्यादा शंभर शब्दांची. तीन वर्षं मी त्यात इमानदारीत 'काही नाही' असं लिहीत आले, आणि ते सगळं 'काही नाही' डोक्यात साठत गेलं. आता प्रोजेक्ट संपलाय. सांगायला खूप आहे आणि घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चहा घेऊन बसा, जरा लांबण लागेल.

आधी मी काय करते ते सांगायला हवं, कारण ते कोणालाच कळत नाही. एक जर्मन फाउंडेशन आहे. जर्मन आणि आफ्रिकन संशोधकांनी मिळून काम करावं, एकमेकांकडे जावं, वर्कशॉप घ्यावेत, यासाठी ते पैसे देतं. आमचा विषय ज्वारी. सिडनीच्या आमच्या युनिकडे, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे, ज्वारीच्या बियाण्यांचा मोठा संग्रह, म्हणून आम्ही मध्ये शिरलो आणि सगळी जुळवाजुळव माझ्या टेबलावर आली. मी मूळची बार्शीची. या सगळ्या विद्वानांत ज्वारी खाऊन वाढलेले दोनच जण होते, टांझानियाची डॉक्टर नीमा आणि ऑफिसातली मी.

ब्लॅकटाउनला मी ज्या दुकानातून पीठ आणते त्या मालकाला हे एकदा सविस्तर समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसा जर्मनी का, ज्वार अफ्रीका की, तो बीच में आप क्या करती हो, दीदी?"

"मेल भेजती हूँ," मी म्हटलं. त्याला ते पटलं. मलाही इतक्या थोडक्यात ते कधी सांगता आलं नव्हतं.

*

पहिला वर्कशॉप सिडनीत झाला. आमच्या डिपार्टमेंटच्या क्रेगने एका शेतकऱ्याला बोलायला बोलावलं होतं. ऑस्ट्रेलियात ज्वारी पिकते ती गुरांच्या खाद्यासाठी. माणसं ती खातात हे त्या गृहस्थांनी ऐकलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता.

मी आदल्या संध्याकाळी घरी भाकऱ्या थापल्या. केलीव्हिलचं आमचं घर चार बेडरूमचं आहे आणि त्यात मी एकटी राहते. रवीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात परात बाहेर निघाली नव्हती. एका माणसासाठी कोण पीठ मळतं? त्या दिवशी चौदा भाकऱ्या केल्या. हात विसरले नव्हते, याचंच मला रडू आलं.

लंचला शेतकऱ्याने एक तुकडा ठेच्याबरोबर खाल्ला, मग अख्खी भाकरी खाल्ली, मग दुसरी घेतली. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मेट, इतकी वर्षं माझ्या गाईंनी हे माझ्यापासून लपवून ठेवलं."

*

दुसऱ्या वर्षी डोडोमाला, नीमाच्या गावी. जाण्याआधी तिच्या संस्थेचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'संकटकाळी कोणाला कळवावं' असा रकाना. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि शेवटी इशानचं नाव आणि मेल लिहिला. इशान माझा मुलगा. ब्रिस्बेनच्या बाजूला स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो, तिथेच नोकरी करतो.

नीमाने फॉर्म वाचला आणि त्या क्षणापासून माझं नाव बदललं. त्यांच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे सिडनीच्या ऑफिसात 'सुल' असलेली सुलभा तिथे 'मामा इशान', म्हणजे इशानची आई, झाली. ड्रायव्हरपासून डायरेक्टरपर्यंत सगळे मामा इशान म्हणत. मला आतून लाज वाटायची. ज्याच्या नावाने हाक मारत होते, त्याच्याशी तेव्हा माझं बोलणं बंद होतं.

का, तेही सांगून टाकते. इशान दिवाळीला आला होता. म्हणाला, "आई, सेल द हाऊस. कम लिव्ह निअर मी." मला ते असं झोंबलं की मी म्हणाले, "बाबा आजारी होते तेव्हा कुठे होतास?" तो संध्याकाळच्या फ्लाइटने परत गेला. रवी आजारी होता तेव्हा इशानची युनिची शेवटची परीक्षा होती, आणि येऊ नकोस, पेपर नीट दे, असं त्याला मीच बजावलं होतं. रवी त्याच आठवड्यात गेला. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, तरी मी ते बोलले. त्यानंतर तो माझ्या मेसेजला फक्त अंगठा पाठवत असे. मीही त्याला अंगठाच पाठवायचे.

असो. डोडोमाचा किस्सा वेगळाच आहे.

आमच्यात प्रोफेसर हेल्मुट म्हणून एक जर्मन आहेत, सत्तरीचे. आयुष्यात कुठे एक मिनिट उशिरा गेले नसतील. शेत बघायला जायचं होतं आणि नीमाच्या ऑफिसातल्या कारकुनाने हॉटेलात चिठ्ठी ठेवली, 'गाडी दोन वाजता निघेल.' त्यांच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे आठ ते त्यांचे दोन. मला नीमाने आधी सांगितलं होतं. हेल्मुटना सांगायचं राहिलं.

आम्ही त्यांचं दार ठोठावलं तर ते फिरायला गेलेले. फोन खोलीतच. शेवटी आम्ही निघालो, शेत बघितलं, जेवून परत आलो, तर हेल्मुट हॅट घालून, पाण्याची बाटली घेऊन हॉटेलच्या पायरीवर उभे. दोनला दहा मिनिटं कमी होती.

नीमा गाडीतून उतरली आणि अगदी मनापासून म्हणाली, "प्रोफेसर, आम्ही तुमच्यासाठी अडीचपर्यंत थांबलो होतो."

हेल्मुटनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा घड्याळ बघितलं. 

*

आता गुरुवारचं सांगते, कारण खरा प्रोजेक्ट तोच होता.

दर गुरुवारी आमची ऑनलाइन मीटिंग असायची. सिडनीत आर्वोचे, म्हणजे दुपारनंतरचे, पाच, जर्मनीत सकाळचे नऊ, डोडोमात दहा. मी घरून काम करायचे आणि लिंक पावणेपाचला उघडायचे, ऑडिओ टेस्टसाठी. पावणेपाच वाजले की हेल्मुट हजर.

"ऑडिओ ठीक?" ते विचारायचे.

"ठीक," मी म्हणायचे.

झाली टेस्ट. उरलेली चौदा मिनिटं काय करायचं? सुरुवातीला दोघंही खोटं खोटं टाइप करायचो. मग एकदा मी मेथीची जुडी पुढ्यात घेतली आणि निवडायला बसले. हेल्मुटनी तिकडे सफरचंद सोलायला घेतलं. कोणी काही बोललं नाही, पण फार बरं वाटलं. घरात दुसरं माणूस काहीतरी करतंय, एवढंच.

पुढे नीमाही लवकर यायला लागली. दहाला वीज जायची शक्यता असते म्हणून, असं ती सांगायची. मला ते कधी खरं वाटलं नाही, कारण तिची वीज जायची ती कायम बजेटची चर्चा सुरू झाल्यावर. पावणेपाचची टेस्ट साडेचारवर आली, मग सव्वाचारवर. जर्मनीत तेव्हा सव्वाआठ. ऑडिओ इतका वेळ टेस्ट केलेला प्रोजेक्ट जगात दुसरा नसेल.

*

एकदा हेल्मुटकडून कॅलेंडरचं निमंत्रण आलं. विषय, 'पुढचा गुरुवार.' खाली लिहिलं होतं, 'या दिवशी मी कमी बोलेन. कृपया नोंद घ्यावी.'

मी घाबरून फोन केला. ते म्हणाले, "माझ्या पत्नीला जाऊन त्या दिवशी सहा वर्षं होतात. ऐनवेळी कोणाला अडचण नको, म्हणून आधी कळवलं."

मला हसू आलं आणि हसल्याचं वाईटही वाटलं. त्या गुरुवारी ते खरंच कमी बोलले. 'ऑडिओ ठीक?' तेवढं विचारलं.  तिघं आपापली भाजी निवडत, फळं सोलत बसलो. मग मीही रवीच्या तारखेचं तसंच निमंत्रण पाठवायला लागले. नीमाने पहिल्या वेळी त्यावर 'येणार' अशी खूण केली.

*

आणि मग युनिने नवं सॉफ्टवेअर आणलं. ते मीटिंगमध्ये आपणहून हजर राहून बोलणं ऐकतं, सारांश लिहितं आणि सगळ्यांना पाठवतं. मला वाटलं, ते पाच वाजता सुरू होईल. ते लिंक उघडल्यापासून ऐकत होतं.

त्या दिवशी हेल्मुटना मी मटकीला मोड कसे आणायचे ते शिकवत होते. मग न राहवून इशानचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. दिवाळीचं, परीक्षेचं, माझ्या जिभेचं. नीमा म्हणाली, "मामा इशान, रविवारपर्यंत फोन कर. नाही केलास तर मी बघते."

सहा वाजता सारांश सगळ्यांच्या मेलमध्ये. क्रेग, आमचे डीन, नीमाचे डायरेक्टर आणि फाउंडेशनच्या फ्राऊ लिंडनर, ज्यांच्या हातात आमचा रिपोर्ट मंजूर करणं असतं. खाली ठळक अक्षरांत कामांची यादी होती.

'१. हेल्मुट : मटकी भिजवणे. २. हेल्मुट : मटकी ओल्या फडक्यात बांधणे. ३. सुलभा : रविवारपर्यंत मुलाला फोन करून माफी मागणे. ४. नीमा : क्रमांक तीनचा पाठपुरावा करणे.'

मी लॅपटॉप मिटून बाथरूममध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात क्रेगने एवढंच विचारलं, "सुल, ती मटकी म्हणजे काय असतं?" त्याची ती सभ्यता मी विसरणार नाही. फ्राऊ लिंडनरचं उत्तर मात्र एका ओळीचं होतं. 'नोंद घेतली. प्रगती कळवावी.'

पुढच्या गुरुवारी हेल्मुटनी कॅमेऱ्यासमोर वाटी धरली. मोड चांगले लांब आले होते. "एक आणि दोन पूर्ण," ते म्हणाले.

"आणि तीन?" नीमाने विचारलं.

"बाकी आहे," मी म्हटलं.

त्यानंतर कित्येक गुरुवार ती विचारत राहिली आणि मी तेच उत्तर देत राहिले. रविवारी फोन हातात घ्यायचे, इशानचं नाव काढायचे, आणि मग मेसेज करायचे, 'ऑल गुड?' तिकडून अंगठा.

*

प्रोजेक्ट संपायला आला. फायनल रिपोर्ट फाउंडेशनच्या पोर्टलवर भरला आणि दोन दिवसांत परत आला. फ्राऊ लिंडनरने लिहिलं होतं, 'रिपोर्ट उत्तम आहे. परंतु एक काम अपूर्ण दिसते. क्रमांक तीन. अपूर्ण काम असताना प्रोजेक्ट बंद करता येत नाही. पूर्ण झाल्याची तारीख किंवा न होण्याचे कारण भरावे.'

मी त्यांना मेल केला की ते चुकून यादीत आलंय, काढून टाका. उत्तर आलं, 'यादीतून काही काढता येत नाही.'

मग कारण लिहायला बसले. 'वेळ मिळाला नाही' लिहिलं, खोडलं. 'मुलगा कामात असतो' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'मला धीर होत नाही' असं लिहिलं. ते खोडणार तेवढ्यात पोर्टलने ते आपोआप सेव्ह केलं, आणि प्रोजेक्टच्या सगळ्यांना सूचना गेली.

दुसऱ्या दिवशी आमचा शेवटचा गुरुवार होता. मी सव्वाचारला लिंक उघडली. हेल्मुट आले. "ऑडिओ ठीक?"

"ठीक."

नीमा आली. आज भाजी नव्हती, नटून बसली होती. म्हणाली, "माझं क्रमांक चार आज सकाळी पूर्ण झालं. मामा इशान, तुझा डोडोमाचा फॉर्म अजून माझ्या फाइलमध्ये आहे."

मला काही कळेना. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात खूण आली, कोणीतरी आत यायला थांबलंय. नाव वाचलं, इशान. बटण चुकत होतं, आधी भलतंच दाबलं गेलं, दोन-तीनदा दाबल्यावर तो आत आला. ऑफिसच्या शर्टात, गळ्यात कार्ड, दाढी वाढलेली, अगदी रवीसारखा.

हेल्मुटनी आपला कॅमेरा बंद केला. नीमानेही केला.

मी बोलायला लागले. वर्षभर जे तोंडात अडकलं होतं ते सगळं, परीक्षेचं, मीच नको म्हटल्याचं, रवीने शेवटी त्याचं नाव घेतल्याचं, घर विकण्याचं. किती वेळ बोलत होते मला माहीत नाही. तो नुसता बघत होता, पापणीही हलवत नव्हता. मी थांबले आणि डोळे पुसले.

तेव्हा तो स्क्रीनच्या जवळ आला. घर सोडल्यापासून माझ्याशी कधी पूर्ण मराठी वाक्य न बोललेला माझा मुलगा.

"आई, यू आर ऑन म्यूट," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."