पोखर्णीचा रविवार

"अगं मावशी, म्हैससुद्धा पाय झटकून गोठ्यात येते."

असं म्हणले डॉक्टर. सकाळी साडेसातला, दवाखान्याच्या पोर्चमधी, बाकावर बसलेल्या पंधरा-वीस पेशंटांसमोर. पेशंट हसले. कंपाउंडर हसला. काउंटरवरची पोरगी तोंडावर हात धरून हसली.

मी बी हसले.

दोन वर्सं झाली. लोकं हसले त्याचं आता काही वाटत न्हाई. मी हसले, ते अजून पोटात जळतंय.

त्या दिवशी आमच्या पेडगावापासून परभणीपर्यंत पाऊस संगंच होता. घरापासल्या पांदीत, कच्च्या वाटंवर, काळ्या मातीचा चिखल सायकलच्या चाकात असा गच्च बसला की चाक फिरंना. दोनदा उतरून काडीनं उकरला. पोचायला अर्धा तास उशीर झाला. गुडघ्यापर्यंत नुसता चिखल. सायकल पोर्चमधी टेकवली, कारण तिची बॅटरी भिजली की माघारी घर गाठणं मुश्किल. बाजूला डॉक्टरांची सायकल उभी होती. ती बी बॅटरीचीच, पण कंपनीतून आलेली, वर कपडा टाकलेला. माझ्या चाकाचा चिखल उडून तिच्या चाकाला लागला. दोन थेंब.

"आधी ही पूस," डॉक्टर म्हणले. "आणि तुझी ती मागं लाव, संडासाजवळ. टाइल्सवर नको."

मी फडकं आणायला वळले.

"फडक्यानं नको, ओरखडे पडतात. मऊ कापड घे."

मऊ कापड कुठून आणू? साडी ओलीचिंब. रेनकोटच्या आत छातीशी दाबून ठेवलेला पदर तेवढा कोरडा होता. पोचल्यावर तोंड पुसायला म्हणून वाचवून आणलेला. मी खाली बसले आन् त्या पदरानं त्यांचं चाक पुसलं. तारा-तारांतून पुसलं. मग मान खाली घालून माझी सायकल मागं नेली.

मी त्या दवाखान्यात आया होते. सात वर्सं. झाडायचं, पुसायचं, पेशंटाचं हगणं-मुतणं काढायचं, बाळंतिणीचं रक्त धुवायचं. आयांना दवाखान्यात नाव नसतं. सगळ्या मावश्या. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्सांनी मोठे, तरी मी त्यांची मावशी. मावशी म्हणायचं आन् अरे-तुरे करायचं.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की मालक कळप घेऊन बाहेर निघतेत, ते पावसाच्या तोंडावर माघारी येतेत. तवर घर माझ्यावर. दवाखान्याची ड्युटी सातची. पहिली एस.टी. आठाला, जीप भरल्याबिगर हलत न्हाई. म्हणून सायकल. ती पोरीची, शाळेतून मिळालेली. पोरगी बारावी झाली, नांदेडला नर्सिंगला गेली, सायकल भिंतीला लागून गंजायली होती. परभणीतल्या मिस्त्रीकडून तिच्या मागच्या चाकात मोटर बसवली, शीटमागं पिशवीत बॅटरी. दोन शेळ्या गेल्या त्यात. गावात बायका म्हणल्या, हिचं डोकं फिरलं. फिरू दे. जायला पंधरा-सोळा किलोमीटर, यायला तेवढेच. नुसत्या पायावर सहा महिने करून बघितलं होतं, गुडघे गेले होते.

मोटर हाय म्हणजे सुख हाय असं न्हाई. रातच्याला लाईट गेली की बॅटरी अर्धीच भरती. मग ती जपून वापरायची. सपाटीला पायडल, चढाला मोटर. समोरून वारा असला तरच मोटर. दवाखान्यात चार्जर लावला तर डॉक्टरांच्या मॅडमनी वायर उपसून हातात दिली. डॉक्टरांची सायकल मात्र तिथंच चार्ज व्हायची, त्याच भिंतीला.

एप्रिल-मे मधी दुपारची सुट्टी झाली की डांबर चपलेला चिकटायचं. बॅटरी इतकी तापायची की मोटर आपोआप बंद पडायची. मग बाभळीच्या सावलीला थांबायचं, ती गार होईस्तोवर. तिच्यावर ओलं फडकं घालायचं, तेच नंतर आपल्या डोक्यावर. हिवाळ्यात पहाटे बोटं ब्रेकवर वळायची न्हाईत. पावसाळ्यात खताच्या पोत्यातलं प्लास्टिक काढून बॅटरीला गुंडाळायचं. मी भिजले तरी चालंल, ती भिजायला नको.

डॉक्टरांचा एक सायकलवाल्यांचा ग्रुप होता. डॉक्टर, वकील, कापडवाले, दोन-तीन बाया. हवा चांगली असंल त्या रविवारी निघायचे. एकदा पोरगी सुट्टीला आली तव्हा तिनं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. डॉक्टर डोक्यावर टोपी घालून बोलायले होते, "ऊन असो, पाऊस असो, आमची सायकल थांबत नाही."

"आई, हे तुझेच डॉक्टर ना?"

"हो."

"पावसात तू यांना कधी रस्त्यावर बघितलंस का?"

मी इचार केला. पावसात त्यांची गाडी मला बघायला मिळायची. बंगला दवाखान्यापासून पाच मिनिटांवर, तरी कार.

"न्हाई," म्हणले.

पोरीनं मोबाइल खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिली नुसती. तिचं ते बघणं मला आवडलं न्हाई. मी उठून भाकरी करायला गेले.

त्याच वर्साचा पोळा होऊन गेला होता. शनिवारी निघताना डॉक्टरांनी हाक मारली.

"मावशी, उद्या आम्ही पोखर्णीला चाललोय. तू पण ये. तुझी पण बॅटरीची सायकल आहे ना? मग तू आमच्यातलीच."

खोटं कामून बोलू? मला आनंद झाला. पदरानं चाक पुसलेलं मी इसरले. घरी येऊन सायकल धुतली, चेनला तेल दिलं, लग्नाकार्याची साडी काढली. शेजारणीला सांगितलं, उद्या डॉक्टरांच्या संगं नृसिंहाच्या दर्शनाला चालले. ती म्हणली, मोठ्या लोकांत बसायली बाई तू. मी, असं नको बोलू म्हणले, पण आतून फुलले होते.

सकाळी परभणीत त्यांच्या ठरलेल्या चौकात पोचले. सगळ्यांचे एकसारखे शर्ट. मला कुणी शर्ट दिला न्हाई, ते ठीक हाय, मी साडीवर होते. डॉक्टरांनी दोन पिशव्या आणून माझ्या कॅरेजला बांधल्या. एकीत केळी, एकीत पाण्याच्या बाटल्या. हँडलला तिसरी, त्यात बिस्किटं आन् मलमपट्टी.

"तू मागून ये. कुणी थांबलं की पाणी द्यायचं."

आता कळलं, मी त्यांच्यातली कशी होते ते.

तरी गेले. रविवार माझा सुट्टीचा. कपडे धुवायचे, जळण आणायचं ते टाकून आले होते. माघारी जाते म्हणायला जीभ उचलली न्हाई. सात वर्सांची खोड.

वाटंत एक बाई माझ्या बाजूला आल्या. गोड बोलणाऱ्या.

"तुम्ही रोज एवढ्या लांबून येता? बाप रे! मग तुम्हाला वजन कमी करायची गरजच नाही."

मी इचार करायले, ह्याला काय उत्तर देतेत. तेवढ्यात डॉक्टरच पुढून बोलले, "अहो, त्यांना काय, सवय असते."

पोखर्णीत देवळाबाहेर सगळे उतरले. घाम पुसला, केळी खाल्ली, साली माझ्याकडं दिल्या. मग फोटो. सगळे सायकली घेऊन एका रेघेत उभे राहिले. मी बी टोकाला उभी राहिले, माझी सायकल धरून. कुणी बोलावलं नव्हतं. पण एवढी वाट मी बी सायकल चालवून आले होते, ते बी वजन घेऊन.

फोटो काढणारा म्हणला, "त्या बाईंना जरा बाजूला घ्या, ती सायकल फ्रेममध्ये येते."

डॉक्टर वळले. "मावशी, तू तिकडं पिशव्यांजवळ थांब."

मी पिशव्यांजवळ थांबले. प्रसादाच्या दुकानातली म्हातारी माझ्याकडं बघायली होती. म्हणली, "कामाला हायस का त्यांच्या?" मी मान हलवली. ती म्हणली, "मग सुट्टी कव्हा असती तुला?"

मी केळाच्या साली पिशवीत भरल्या.

दहाच्या सुमाराला गंगाखेडच्या अंगानं आभाळ काळं झालं. वारं सुटलं. ईज कडाडली. मोठाले थेंब पडायला लागले तसे सगळे दुकानाच्या पत्र्याखाली पळाले. मोबाइल निघाले. "गाडी पाठव. लवकर. हो, सायकली टाकायला टेम्पो पण." ऊन असो, पाऊस असो म्हणणारं तोंड माझ्यापासून चार हातांवर होतं. ड्रायव्हरला लोकेशन सांगायलं होतं.

पाऊणेक तासानं गाड्या आल्या. टेम्पो लहान निघाला. अकरा सायकली दाटून बसवल्या. बारावी बसंना. ती डॉक्टरांची. दाबली तर रंग उडंल म्हणून त्यांनीच वर चढवू दिली न्हाई.

मग ते माझ्याकडं आले. रागानं न्हाई, लय प्रेमानं बोलले. ते प्रेम मला आजबी ऐकू येतंय.

"मावशी, माझी सायकल तू घेऊन ये. चालवू नको हं, हातात धरून आण. आणि बॅटरीत पाणी जायला नको. तुझा रेनकोट तिच्यावर टाक."

पोखर्णी ते परभणी. पायी. पावसात. माझा रेनकोट तिच्या अंगावर.

"आन् माझी सायकल?" मी इचारलं.

"तुझी राहू दे इथंच. ते भंगार कोण नेतंय?"

सगळे ऐकायले होते. ती गोड बोलणारी बाई गाडीची काच खाली करून बघायली होती. प्रसादवाली म्हातारी बघायली होती. मला वाटलं आता परत हसायला येतंय. ओठ तयारच होते.

हसू आलं न्हाई.

"न्हाई," मी म्हणले.

"काय?"

"मी माझी सायकल घेऊन जायलेय. तुमची तुमी न्या."

डॉक्टरांना वाटलं मला नीट कळलं न्हाई. "अगं, पाऊस आहे म्हणून सांगतोय. ती साधी सायकल नाही."

"मला बी पाऊस लागतो, सर."

एवढंच बोलले. आवाज चढवला न्हाई. कॅरेजच्या दोऱ्या सोडल्या, पिशव्या काढून डॉक्टरांच्या पायाजवळ ठेवल्या. केळाच्या साली, रिकाम्या बाटल्या, सगळं. रेनकोट अंगात घातला. वरपर्यंत बटणं लावली.

मागून आवाज आला, "उद्यापासून यायचं नाही कामावर."

मी पायडल मारलं.

अर्ध्या वाटंत त्यांच्या गाड्या मला वलांडून गेल्या. खड्ड्यातलं पाणी अंगावर उडालं. थोड्या वेळानं मोटर बंद पडली, बॅटरीत पाणी गेलं असंल. बाकीची वाट पायांनी काढली. परभणी, मग पेडगाव. वाटंत रडले. पावसात रडलेलं कुणाला दिसत न्हाई, ते एक बरं. पण अपमानाचं रडू नव्हतं ते. सात वर्सं हा शब्द तोंडात होता आन् मी तो बोलले न्हाई, त्याचं होतं. दोन अक्षरं. न्हाई.

येऊ नको म्हणले होते, तरी दुसऱ्या दिवशी येळेवर दवाखान्यात गेले. मॅडम काउंटरवर होत्या. म्हणल्या, "सरांची माफी माग. सगळ्यांसमोर. मग बघू."

"माझं काय चुकलं ते सांगा, मागते," मी म्हणले.

"उलट बोलतेस?"

"इचारायलेय."

त्यांनी सांगितलं न्हाई. माझ्याबरोबरच्या दोघी आया भिंतीला टेकून उभ्या होत्या, खाली बघत. त्यांना मी दोष देत न्हाई. मी बी तशीच उभी राहिले असते. चप्पल घातली आन् निघाले. महिन्याभरानं निरोप आला, सरांनी माफ केलंय, ये म्हणून. माझ्यासारखी बिनतक्रार घाण काढणारी दुसरी भेटली नसंल. मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, मी त्यांना माफ केलं न्हाई.

चार महिने घरी बसले. शेतात रोजानं गेले, कापूस येचला. मालक म्हणले, गोड बोलून राहिली असतीस तर बिघडलं नसतं. त्यांच्याशी आठ दिवस बोलले न्हाई. पोरीला फोनवर सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणली, "आई, जेवलीस का?" तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

आता परभणीत मुलींच्या एका वसतिगृहात सैपाकाला हाय. पगार कमी हाय. रविवारीबी जावं लागतं. सायकल तीच, बॅटरी दुसरी. वसतिगृहाच्या बाईंनी मी इचारायच्या आत जागा दाखवली, इथं चार्ज करा म्हणून. तरी त्यांच्यावर बी नजर ठेवून असते. इश्वास पटकन टाकायचा न्हाई, एवढं शिकले.

गेल्या हिवाळ्यात तो ग्रुप पेडगावाकडं आला. कुणाच्या तरी शेतात हुरडा होता. रविवारची सकाळ, मी कामाला निघाले होते. गावातून मोठ्या रस्त्याला लागायला एकेरी डांबरी हाय, दोन्ही बाजूंना बाभळीचे काटे. समोरून ते चौघं-चौघं आडवे, हसत, घंट्या वाजवत. पुढं डॉक्टर. मला वळखलं त्यांनी. घंटी वाजवली. परत वाजवली. मी सरळ चालवत राहिले. अगदी जवळ आल्यावर त्यांची रांग फुटली. कुणी काट्यात गेलं, कुणी पाय टेकला. डॉक्टर उभेच राहिले.

"बाजूला व्हायला काय झालं तुला?"

"कामाला जायलेय," मी म्हणले, आन् थांबले न्हाई.

मागं कुणीतरी मला शिवी दिली. दिऊ दे. ते परत येतील, हवा चांगली असंल तव्हा. मी ऊन-पावसात रोज ह्याच डांबरावर हाय. कुणाला खाली उतरायचंच असंल, तर जो फिरायला आलाय त्यानं उतरावं. मी उतरणार न्हाई.