कॉलऱ्याची टेकडी

झेनोबिया कुर्पास्काने चौतीस वर्षं सायकलवरून ओल्शिन्का गावात टपाल वाटलं. एक्केचाळीस घरं, खाली नदी, वर टेकडी. गावाने तीन राज्यं पाहिली, नदीने दोनदा पात्र बदललं, पण टेकडीचं नाव तेच राहिलं: कॉलऱ्याची टेकडी. फार पूर्वी साथीत गेलेली माणसं तिथे पुरलेली. कागदोपत्री पुरावा नव्हता. लढाईत चर्च जळालं, त्यात नोंदवह्याही गेल्या. आजीने मात्र दोन नातवंडांना बोट धरून ती जागा दाखवली होती: झेनोबियाला आणि तिच्या धाकट्या भावाला, हिएरोनिमला.

खडीवाली कंपनी टेकडी खणायला आली, तेव्हा निवृत्त झालेली झेनोबिया पुन्हा सायकलवर बसली. खोदकामाविरुद्ध घरोघर सह्या घेतल्या. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली. ती म्हणाली, "थडगी तिथेच आहेत. माझा भाऊही सांगेल."

हिएरोनिम उठला. हातातली टोपी चुरगळत म्हणाला, "आजी नदीपलीकडची जागा सांगायची. टेकडीवर काही नाही. ताईचा घोळ होतोय, वय झालंय आता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. झेनोबिया भावाकडे बघतच राहिली. त्याचं बटाट्याचं शेत टेकडीला लागून होतं, आणि कंपनीला ते हवं होतं, हे तिला त्या क्षणी उमगलं.

बाहेर तिने त्याला गाठलं. "हिएरोनिम, आजीने तुला बोट धरून दाखवलं होतं रे!"

"मेलेल्यांना काय फरक पडतो, ताई? मला अजून जगायचंय."

"मग मला वेडी कशाला ठरवलंस?"

तो टोपी डोक्यावर घालून चालू लागला.

खोदकाम सुरू झालं आणि ऑक्टोबरात यंत्राच्या दातांत कवट्या आल्या. त्यातली एक लहान मुलाची होती. काम कायमचं थांबलं. पाद्रीबाबांनी हाडं पुन्हा मातीत ठेवली. सगळं गाव जमलं. हॉलमध्ये हसणारेही झेनोबियाचा हात हातात घेऊन गेले.

सगळे पांगल्यावर हिएरोनिम जवळ आला. "ताई, चुकलो. घरी चल, बायकोने बीटचं सार केलंय."

"थडग्यांचं खोटं बोललास, ते पाद्रीबाबांना सांग, ते माफ करतील," ती म्हणाली. "माझ्या डोक्याचं जे बोललास, ते कुणाला सांगशील?"

तिने सायकल काढली आणि उतारावरून एकटीच घरी गेली. त्या नाताळात, आयुष्यात पहिल्यांदाच, तिच्या टेबलावर भावाचं ताट नव्हतं.